दोन हातमोजे

नियम असा आहे की
हे औषध हाताळताना एकावर एक दोन हातमोजे घालायचे.
थेंब सांडला तर रजिस्टरात नोंद,
आणि पुसलेला कापूस पिवळ्या पिशवीत.

मी सात वर्षांची होते
तेव्हा हेच औषध
माझ्या शिरेतून आत सोडलं होतं, थेंब थेंब.
कोकम सरबताचा रंग.
सिस्टर म्हणाल्या, शू लाल झाली तर घाबरायचं नाही हं.
मी नाही घाबरले.
आई दाराला टेकून उभी राहिली
आणि बराच वेळ पाणी ओतायचं विसरली.

आमच्या घरी त्यानंतर कोकम आलं नाही.

शेजारच्या खाटेवर इंदापूरचा हणमंत.
सलाइनच्या बाटल्यांची झाकणं जमवायचा,
झाडूच्या काडीत ओवून चाकं करायचा.
त्याला अठरा चाकांचा ट्रक हवा होता.
सहा झाली होती.
एका सकाळी त्याची गादी गच्चीवर उन्हात टाकलेली दिसली.
मला कुणी काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
त्या वॉर्डातली आम्ही मुलं
फार समंजस होतो.

बाबा नारायण पेठेत पुस्तकं बांधायचे.
खळीचा वास, बोटांना दोऱ्याचे वळ.
इंग्रजी येत नव्हतं,
पण आकडा वर गेला की खाली, एवढं कळायचं.
तांबड्या पेन्सिलीने खूण करत
त्यांनी माझे तीन वर्षांचे रिपोर्ट
टोच्याने भोकं पाडून शिवले.
कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं:
कु. हेमांगी बबन दारवटकर.
माझा पहिला प्रबंध तोच.
दुसरा मी स्वतः लिहिला,
तोही त्यांनीच बांधला, आणि म्हणाले,
हा पातळ आहे.

मुलाखतीत विचारलं होतं, हाच विषय का?
मी म्हटलं, यात अजून बरंच काम व्हायचंय.
खोटं नव्हतं.

आता पाषाण रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर
मी बशीत हृदयाच्या पेशी वाढवते.
त्या धडधडतात,
कुणाच्याही छातीत नसताना,
कुणाला पाहून वगैरे नाही, आपापल्या.
एक दिवसाआड त्यांना खाऊ घालावं लागतं,
लक्ष्मीपूजनालाही.
मग दोन हातमोजे घालून
मी त्यांच्यावर तो लाल थेंब सोडते
आणि मोजते, किती थांबल्या.

पर्वती चढताना साठाव्या पायरीशी मी उभी राहते.
बरोबरचे समजतात, शहर बघतेय.
बघतेही.
दरवर्षी इको काढणारे डॉक्टर
पडद्यावरून नजर न हलवता म्हणतात, ठीक आहे, जपा.
ज्याने वाचवलं त्यानेच जाता जाता
आत काहीतरी सैल करून ठेवलंय.
त्याच्यावर रागवायचं तरी कसं?
त्याच्याशिवाय रागवायला मी नसते.

म्हणून एवढंच शोधतेय:
त्याने आपलं काम करावं
आणि निघताना हृदयाला हात लावू नये.

तीनदा फसलं.
या खेपेस चौथ्या खणातल्या पेशी
बहात्तर तासांनंतरही हलताहेत,
एका लयीत नाही, पण हलताहेत.
चूक माझी असेल. बुरशी असेल. सोमवारी पुन्हा.

संध्याकाळी भरलेली नोंदवही
बांधायला घेऊन गेले.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
पान उलटलं, आकड्यांवरून अंगठा फिरवला
आणि सवयीने कानामागची तांबडी पेन्सिल काढली.
यातल्या कुठल्या वाढायला हव्यात, म्हणाले.

मी दाखवल्या.